आमच्या विज्ञान ट्रॉलीचा जनरेटर



आमच्या फिरत्या विज्ञान ट्रॉलीचे फोटो ग्रुपवर फिरायला लागल्यापासून मला आठवड्याला दोन-तीन फोन तरी येतात. कुणी शेजारच्या तालुक्यातले शिक्षक असतात, कुणी पालक. एका गृहस्थांना नागझिऱ्याला जाऊन मुक्काम करण्यासाठी चाकांवरची खोली बनवायची आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, जनरेटर कोणता घेतला आणि बसवला कसा?" फोनवर मी दरवेळी अर्धंच सांगते, कारण उरलेलं अर्धं सांगताना मला अजूनही लाज वाटते. म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकते. मेहरबानी करून फक्त वॉटचं गणित वाचून थांबू नका. पुढे जे घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी ट्रॉलीबद्दल. एका बिछायत केंद्राची दोन चाकांची, वरून पत्र्याने बंद केलेली जुनी ट्रॉली आम्हाला स्वस्तात मिळाली. कागदपत्रं नीट होती, एमएच ३६ चा स्वतःचा नंबर होता. (हे आधी तपासा. ट्रॉलीलाही वाहनासारखी नोंदणी लागते, नुसता हूक जोडून रस्त्यावर आणता येत नाही.) आत दोन्ही बाजूंना बाकडी, त्याखाली प्रयोगाच्या पेट्या, एका भिंतीला पांढरा पडदा. मागे दार, पुढच्या भिंतीला एक छोटी खिडकी. रात्री बाकड्यांवर फळ्या टाकल्या की चार माणसं झोपू शकतात. ओढायला एका पालकांची जीप. लाखनी, साकोली, लाखांदूर तालुक्यांतल्या लहान शाळांमध्ये शनिवारी संध्याकाळी जायचं, प्रयोग दाखवायचे, अंधार पडल्यावर दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा आणि तिथेच मुक्काम करून रविवारी परत यायचं, असा बेत.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत वीज असते की. असते. पण शनिवारी संध्याकाळी शाळेची किल्ली कुणाकडे आहे हे गावात कुणालाच माहीत नसतं. किल्ली मिळाली तर बोर्डातली एकच पिन चालू असते. आणि धानाच्या हंगामात मोटारी सुरू झाल्या की प्रोजेक्टर मिणमिण करतो. दोन वेळा कार्यक्रम अर्धवट सोडून आलो. तिसऱ्या वेळी ठरवलं, आपली वीज आपणच घेऊन जायची.

दुकानात गेले. दुकानदार मला सोडून सोबत आलेल्या भूगोलाच्या सरांशीच बोलत होता. "पाच केव्हीएचा डिझेल घेऊन टाका सर, पुढे-मागे एसी लावला तरी चालेल." पाच केव्हीएचा डिझेल म्हणजे शंभर किलोच्या पुढचं धूड. ते उचलायला चार माणसं लागतात आणि आमच्याकडे असतो एक ड्रायव्हर, दोन शिक्षक आणि आठवीची मुलं. मी म्हटलं, आधी हिशोब करू.

हिशोब वर्गात केला. मुलांना ट्रॉलीतल्या प्रत्येक वस्तूच्या मागचं स्टिकर वाचायला लावलं. प्रोजेक्टर २५० वॉट, लॅपटॉप ६५, स्पीकर ६०, चार एलईडी पट्ट्या मिळून ८०, दोन पंखे मिळून १२०, मोबाइल आणि टॉर्च चार्जिंगला ५०. बेरीज ६२५ वॉट. हा तास मी तुम्हालाही सुचवीन. 'विद्युत शक्ती' हा धडा घरातल्या स्टिकरवरून जितका कळतो तितका फळ्यावरून कळत नाही.

जनरेटरवर मात्र वॉट नाही, केव्हीए लिहिलेलं असतं. साध्या हिशोबाला केव्हीएला ०.८ ने गुणा. म्हणजे २ केव्हीएचा जनरेटर साधारण १,६०० वॉट देईल. काही मॉडेलांवर दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक सतत चालवायचा. जाहिरातीत मोठा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, आपण बारीक अक्षरातला धरायचा. दुसरं म्हणजे ज्या वस्तूत मोटर आहे ती सुरू होताना क्षणभर चालू स्थितीच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त वीज खेचते. फ्रिज, पाण्याचा पंप, साधा एसी यांचं दुखणं हेच. दीडशे वॉटचा फ्रिज पाहून दोनशे वॉटची सोय केली तर तो सुरूच होणार नाही. शिवाय आपल्या भंडाऱ्याचा मे महिना! पंचेचाळीस अंशांत इंजिन आधीच तापलेलं असतं, त्याच्याकडून पूर्ण ताकदीची अपेक्षा करू नये. आमच्या ६२५ वॉटला २ केव्हीए म्हणजे निम्म्याहून कमी भार. त्यामुळे इंजिन निवांत चालतं आणि पेट्रोलही बेताचं खातं.

(पहिल्याच फेरीत सरांनी चहासाठी घरून विजेची किटली आणली. १,५०० वॉट! बटण दाबलं आणि अख्खी ट्रॉली अंधारात. मुलं इतकी हसली की मी तोच प्रयोग म्हणून पुढे दोन शाळांत मुद्दाम करून दाखवला.)

आकार ठरला, आता प्रकार. माझ्या वयाच्या लोकांना १९९० च्या आसपासचे ते छोटे जनरेटर आठवत असतील, बिर्ला यामाहा, श्रीराम होंडा. पेट्रोलवर सुरू करायचे आणि मग रॉकेलवर टाकायचे. लग्नाच्या मांडवामागे धडधडत असायचे आणि नवरदेवाच्या कपड्यांना रॉकेलचा वास यायचा. आज बाजारात लहान आकारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक उघड्या पाइपच्या चौकटीतला, स्वस्त, दणकट आणि कर्कश. दुसरा सुटकेससारखा बंद, त्याला इन्व्हर्टर जनरेटर म्हणतात. किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त.

फरक समजून घ्यायला दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा पुरेसा आहे. चुंबकीय क्षेत्रात वेटोळं फिरलं की प्रत्यावर्ती धारा तयार होते. आपल्याला सेकंदाला ५० आवर्तनं हवीत. साध्या लहान जनरेटरचं इंजिन म्हणून मिनिटाला ३,००० फेरे घेतं, ३,००० भागिले ६० बरोबर ५०. एक दिवा लावा की दहा, त्याला त्याच वेगाने फिरावं लागतं. अचानक भार वाढला की वेग क्षणभर पडतो, पंखा मंदावतो, प्रोजेक्टर डोळे मिचकावतो. इन्व्हर्टर जनरेटर आधी त्या धारेची एकदिश धारा करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किटने नव्याने ५० आवर्तनांची स्वच्छ धारा बनवतो. त्यामुळे इंजिनाला वेगाची सक्ती उरत नाही. भार कमी असेल तर ते हळू फिरतं, म्हणून आवाजही कमी. आम्ही दोन्ही प्रकार दुकानाबाहेर सुरू करून पाहिले. उघड्या चौकटीच्या जनरेटरशेजारी मला माझाच आवाज ऐकू येईना. मुलांना शनीची कडी समजावून सांगायची तर इतक्या आवाजात कसं चालेल? आणि शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, ते आपणच विसरून कसं चालेल? सुटकेसवाला घेतला. वजन बावीस किलो, दोघांनी सहज उचलावा असा.

खर्चाचं म्हणाल तर दोन तासांच्या कार्यक्रमाला साधारण १.२ युनिट वीज लागते आणि सव्वा लिटरच्या आत पेट्रोल. म्हणजे एक युनिट वीज शंभराच्या घरात पडते! मुलांनी हे गणित केलं तेव्हा एकाने विचारलं, "मॅडम, मग घरी पंखा चालू ठेवून बाहेर गेलो तर तुम्ही का ओरडता, ती तर इतकी स्वस्त आहे." याला काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

आता बसवण्याची गोष्ट.

साकोलीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून आम्ही ट्रॉलीच्या मागे लोखंडी अँगलची चौकट करून घेतली. मागे जागा होती, उतरवायला सोपं होतं, धूरही मागेच जाईल असं वाटलं. चौकट, जनरेटर, कुलपाची साखळी मिळून चाळीस किलो. लाखनी ओलांडून महामार्गावर लागलो आणि जीपने साठचा वेग घेतला, तशी ट्रॉली शेपटी हलवायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. ड्रायव्हर शहाणा. त्याने ब्रेक न मारता नुसता वेग उतरू दिला आणि कडेला गाडी घेतली. खाली उतरून म्हणाला, "मॅडम, हे पुन्हा अशी नेत नाही मी."

वेल्डिंगवाल्याकडे परत. त्याला मी हे सगळं सांगेपर्यंत तो हसायला लागला. "मॅडम, बंडी भरतानी धानाचे पोते मांगं टाकले का बंडी उलाळ होते ना जी? बैलाच्या मानेवरून जू वर उठते. तसंच आहे हे. गाडीले मानेवर दाब पाहिजे."

त्याच्या दुकानात धान मोजायचा काटा होता. ट्रॉलीचा हूक त्यावर टेकवून आम्ही वजन घेतलं. जनरेटर नसताना हुकावर ६० किलो. मागे जनरेटर चढवल्यावर ३० किलो. मुलांना तरफ शिकवणारी मी, पण हा हिशोब मला आधी सुचला नव्हता. चाकाच्या अक्षापासून जनरेटर १.८ मीटर मागे, हूक २.४ मीटर पुढे. चाळीस गुणिले १.८ भागिले २.४ बरोबर तीस. बरोबर तेवढाच दाब हुकावरून उचलला गेला होता. ट्रॉलीचं एकूण वजन ७४० किलो, म्हणजे हुकावर राहिला जेमतेम चार टक्के भार. ओढून न्यायच्या गाडीत तो साधारण दहा ते पंधरा टक्के असावा असा ठोकताळा आहे. कमी पडला की शेपटी हलते, फार वाढला की ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग दबतं आणि तिची पुढची चाकं हलकी होतात.

मग चौकट कापून पुढच्या बाजूला, हुकाच्या दांड्यावर बसवली. आता हुकावर ९० किलो, म्हणजे बारा टक्के. जनरेटरखाली रबराचे बुश घातले, कारण लोखंडावर थेट आवळला की त्याचा थरथराट अख्ख्या पत्र्यात घुमतो आणि नटही ढिले होतात. पावसासाठी वर पत्र्याचा छोटा टोप. वायर आत न्यायला पुढच्या भिंतीत एक भोक पाडलं, रुपयापेक्षा थोडं मोठं. ट्रॉली महामार्गावर ऐंशीला सरळ धावली. मी वेल्डिंगवाल्याला पेढे दिले.

ते भोक आणि ती पुढची खिडकी लक्षात ठेवा.

ऑक्टोबर २०२४. परतीचा पाऊस अजून अधूनमधून येत होता. लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. दुर्बीण लावायच्या आतच ढग आले आणि सरी सुरू झाल्या. मुलं पळून ट्रॉलीत शिरली. नऊ मुलं, भूगोलाचे सर आणि मी. म्हटलं, आकाश नाही तर ग्रहांची फिल्म दाखवू. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून मागचं दार लावून घेतलं. पुढची खिडकी लावली होती, पण तिचा पत्रा जरा वाकलेला, ती कधी घट्ट बसतच नव्हती. जनरेटर तिच्याखाली हातभर अंतरावर चालू. आवाज इतका कमी की तो चालू आहे हे विसरायला होतं, आणि त्याचं मला कौतुक होतं.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डोकं जड झालं." मी म्हटलं, अंधारात पडद्याकडे टक लावून पाहिलं की होतं तसं. पाच मिनिटांनी दुसरी म्हणाली, मळमळतंय. मला वाटलं, येताना खाल्लेले समोसे. सरांनी खिशातून ऑक्सिमीटर काढला, कोरोनापासून त्यांच्याकडे तो कायम असतो. पहिल्या मुलीच्या बोटाला लावला. ९८. "एकदम नॉर्मल," ते म्हणाले आणि आम्ही फिल्म पुढे चालू ठेवली.

पुढे चालू ठेवली. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे.

मग त्या मुलीला उलटी झाली. तिला बाहेर न्यायला दार उघडलं आणि बाहेरच्या ओल्या हवेत पाय ठेवल्यावर माझंच डोकं गरगरलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं, जनरेटर बंद केला. पावसात भिजत नऊ मुलं उभी, मी पुन्हा पुन्हा मोजत होते. दोन मुलींना जीपमध्ये घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऐकताच ऑक्सिजन लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी दोघी हसत होत्या. त्यांच्या आईवडिलांसमोर मी उभी राहिले तेव्हा एकीच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "बाई, तुमाले मालूम नव्हतं का?"

मला माहीत होतं, हेच तर. कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन, विषारी वायू आहे, हे वाक्य मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. इंधन पुरेशा ऑक्सिजनशिवाय जळलं की तो तयार होतो, आणि पेट्रोलच्या लहान इंजिनात तो भरपूर तयार होतो. एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असं अमेरिकेतली ग्राहक-सुरक्षा यंत्रणा सांगते. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. म्हणजे हवेत ऑक्सिजन असूनही शरीराला तो मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, मग गुंगी. अगदी उन्हाळी लागल्यासारखं किंवा समोसे बाधल्यासारखं. झोपलेल्या माणसाला तर लक्षणं कळतच नाहीत.

आणि तो ऑक्सिमीटर! पालकांनो, हे नीट वाचा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताचा लालपणा मोजतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं. यंत्राला दोन्हीत फरक करता येत नाही, म्हणून विषबाधा झालेल्या माणसालाही तो ९८ दाखवू शकतो. बंद जागेत एकापेक्षा जास्त माणसांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर यंत्र पाहत बसू नका, आधी दार उघडा.

या घटनेनंतर दोन-अडीच महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, बातमी वाचली. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. आत एसी चालू ठेवण्यासाठी जनरेटर सुरू होता. पुढे कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत जनरेटर चालवून मोजमाप केलं. गाडीच्या तळाला असलेल्या भोकातून वायू आत शिरत होता आणि दोन तासांत त्याची पातळी दहा लाखात नऊशेच्या वर गेली. आपल्या हवेच्या राष्ट्रीय मानकात एका तासासाठी जी मर्यादा आहे ती दहा लाखात साधारण साडेतीन येते. बातमी वाचून मी ट्रॉलीपाशी गेले आणि आमचं ते रुपयाएवढं भोक बराच वेळ पाहत उभी राहिले.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. नागझिरा, कोका, गोसेखुर्द या भागात उद्या अशा गाड्या येतील, येऊ द्यात, चांगलंच आहे. पण कारखान्यात बनलेल्या गाडीत ही काळजी कुणीतरी घेतलेली असते असं गृहीत धरू नका, आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या गाडीत तर ती आपल्यालाच घ्यायची असते.

मला याचं उत्तर पुस्तकात नाही, मंडईत मिळालं. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं, हे भंडारा-गोंदियाच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, वडशाहून निघालेल्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत रोज एका गावी नाटक करतात, तेही रात्रभर. त्या वर्षी नाटक सुरू व्हायच्या आधी मी रंगमंचामागे जनरेटरवाल्याला गाठलं. माणूस पन्नाशीचा, हातात बिडी. (पेट्रोलजवळ बिडी, असो. त्याचा जनरेटर डिझेलचा होता.) त्याचा जनरेटर वेगळ्या गाडीवर, मंडपापासून चांगला दूर, धानाच्या मोकळ्या बांधीत उभा होता. मी माझी गोष्ट सांगितली. त्याने मान हलवली.

"मॅडम, धूर अन् कलाकार एका गाडीत झोपवाचे नाही. आमी पयले वारा पायतो, मंग गाडी लावतो."

"पण इतकी लांब वायर म्हणजे वीज कमी होत नाही का?"

"वायर जाडी घ्या ना जी."

घरी येऊन गणित केलं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. २५ मीटर अंतर, जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे जेमतेम ०.३७ ओहम. आमची धारा तीन अँपिअरच्या आसपास. व्होल्टेजची घट एक-सव्वा व्होल्ट! २३० मधून सव्वा. म्हणजे जनरेटर चिकटून ठेवण्याचं विजेच्या बाजूने काहीही कारण नव्हतं. आम्ही तो फक्त आळसाने चिकटून ठेवला होता.

मग आम्ही जे बदललं ते असं. जनरेटर अजूनही पुढच्या दांड्यावरच बसतो, पण फक्त प्रवासात. चौकटीला सरकता ट्रे आहे. पोचलो की दोघांनी मिळून तो उचलायचा आणि पंचवीस मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा. निदान वीस फूट अंतर, दारं-खिडक्यांकडे सायलेन्सरचं तोंड नाही, अशी शिफारस सगळीकडे असते. आमच्याकडे वायर आहे तर आम्ही आणखी लांब ठेवतो. पावसात वर चार बाजूंनी उघडी छोटी ताडपत्री. पेटीत बंद करून चालवायचा नाही, त्यालाही थंड हवा लागते. भिंतीतलं भोक पत्रा लावून, सील करून बुजवलं. खिडकीचा पत्रा बदलला. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, आणि कॅन ट्रॉलीच्या आत कधीच ठेवायचा नाही.

झोपताना जनरेटर बंद म्हणजे बंद. त्यासाठी एक बॅटरी घेतली. संध्याकाळी कार्यक्रम चालू असताना ती चार्ज होते आणि रात्री दोन पंखे, एक दिवा तिच्यावर चालतात. खरं तर ही बॅटरी आधी घेतली असती तर आणखी लहान जनरेटर पुरला असता. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर हा क्रम उलटा करा, बॅटरीचा विचार आधी, जनरेटरचा नंतर. छतावर सौर पॅनेल लावायचं आमच्या मनात आहे, पैसे जमले की.

आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. एका दुकानात मला आधी गॅस सिलिंडरच्या गळतीचा अलार्म दिला होता आणि "एकच आहे मॅडम" म्हणून सांगितलं. एकच नाही. खोक्यावर कोणता वायू लिहिला आहे ते वाचून घ्या, आणि त्यावरचं चाचणीचं बटण प्रत्येक फेरीआधी दाबा.

एक गोष्ट राहिली. बऱ्याच ठिकाणी गावकरी म्हणतात, मॅडम, जनरेटर आहेच तर शाळेच्या बोर्डात घुसवा ना, सगळ्या खोल्यांत उजेड होईल. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घेऊन लोक तयारच असतात. हे कधीही करू देऊ नका. तशी जोडलेली वीज उलटी तारांवर जाते आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर तिला ११ हजार व्होल्टपर्यंत चढवू शकतो. खांबावर लाइनमन असतो, त्याच्या हिशोबाने लाइन बंद असते. इमारतीला जनरेटर जोडायचाच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा लागतो. आम्ही सरळ नाही म्हणतो. अर्थिंग आणि गळती-संरक्षणाचं कामही आम्ही वायरमनकडूनच करून घेतलं, त्यात माझी हुशारी चालवली नाही.

त्या दोन मुलींच्या घरी मी नंतर तीन-चारदा गेले. एकीच्या आईने पुढे पाठवायला नकार दिला, आणि मी आग्रह केला नाही. दुसरी मात्र जानेवारीपासून पुन्हा येऊ लागली. आता ती नववीत आहे. गावात पोचल्यावर जीपमधून पहिली तीच उतरते. दप्तरातून उदबत्ती काढते, पेटवते आणि शाळेच्या मैदानात हात वर धरून उभी राहते. धूर कुणीकडे जातो ते मिनिटभर पाहते, मग बोट दाखवून सांगते, "सर, जनरेटर तिकडं, आंब्याखाली." आणि भूगोलाचे सर मुकाट्याने एका बाजूची मूठ धरतात.